शनिवारी अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवायला घेतलंय, पण तिसऱ्याच आठवड्यात वाट लागलीये

स्लोलोकल

मंडळी नमस्कार. जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

मी भांडुपला राहतो, ऑफिस ऐरोलीला, वय ३६, मुलगी तीन वर्षांची. इंजिनियरिंग केलंय पण आता दिवसभर एक्सेल आणि मीटिंगा एवढंच उरलंय. आमच्या गल्लीतल्या मंडळाची एक अभ्यासिका आहे, आधी गणपतीचं सामान ठेवायची खोली होती ती, तिला रंग मारून ट्यूबलाइट लावून दहा-बारा टेबलं टाकलीत. दहावी ते बारावीची पोरं रात्री अकरापर्यंत तिथे बसतात कारण घरी एका खोलीत पाच माणसं आणि टीव्ही. अध्यक्ष म्हणाले तू शिकलेला माणूस, पोरांना कॉलेजचं जरा मार्गदर्शन कर. मलाही बरेच दिवस वाटतच होतं काहीतरी करावं, म्हटलं चला.

पहिल्या शनिवारी चाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन घेऊन गेलो, आयआयटी, नीट, सीए, डिझाइन, परदेशी शिक्षण, सगळं कोंबलं होतं. बावीस मुलं आली, टाळ्या पडल्या, मला शाल आणि नारळ मिळाला (खरंच!). दुसऱ्या शनिवारी अकरा. तिसऱ्या शनिवारी चार, त्यातला एक फोन चार्जिंगला लावायला आलेला.

मग त्या उरलेल्यांपैकी अकरावी सायन्सच्या एका मुलाला म्हटलं चल तुझा फिजिक्सचा अभ्यास घेऊ. अर्धा तास ॲक्सिलरेशन शिकवलं, ग्राफ काढले, बेस्टच्या बसचं उदाहरण दिलं, तो नुसता मान हलवतोय. शेवटी वही मिटताना हळूच म्हणाला, "दादा, ॲक्सिलरेशन म्हणजे त्वरणच ना? ते येतं मला, दहावीला होतं." आणि मला, इंग्लिश मीडियमवाल्याला, त्वरण म्हणजे काय तेच झेपेना, मी मनातल्या मनात गुगल करत बसलो. तो दहावीला विज्ञानात नव्वदच्या वर होता हे नंतर कळलं.

तर प्रश्न असा की मी नक्की करू काय? विषय शिकवू, की ते मेंटॉर का काय म्हणतात तसं नुसतं बोलत बसू? माझं स्वतःचं इंटिग्रेशन गंजलंय. आणि आठवड्यातले दोन तास देऊन काही होतं का खरंच, की आपल्याच मनाचं समाधान? अनुभव असलेल्यांनी लिहा, बायको म्हणते शाल मिळाली ना, आता बस कर.

गणितबाई

त्या मुलाचं वाचून आधी हसले, मग नाही हसले. परळच्या बाजूला ज्युनियर कॉलेजात ३१ वर्षं गणित शिकवलं मी, दर जूनमध्ये असा एक तरी मुलगा शेवटच्या बाकावर असायचा आणि आम्हाला कळायचं दिवाळीत, युनिट टेस्टचे मार्क बघून.

आता सेमी-इंग्लिश बरंच वाढलंय, गणित-विज्ञान इंग्रजीत असतं, त्यांचं त्यातल्या त्यात बरं. पण पूर्ण मराठी माध्यमाची मुलं अजून आहेत आणि अकरावी सायन्सला जूनपासून सगळंच एकदम इंग्रजीत सुरू होतं. विषय कच्चा नसतो, दारच सापडत नाही. विस्थापन, संवेग, वर्गसमीकरण, बहुपदी हे सगळं त्याच्या डोक्यात पक्कं असतं, फक्त सर फळ्यावर डिस्प्लेसमेंट, मोमेंटम, क्वाड्रॅटिक लिहितात आणि पोरगं समजतं की हे काहीतरी नवीनच आहे.

तुम्ही एक करा. दोनशे पानी वही, मधोमध रेघ. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी, आणि उजवीकडचा शब्द देवनागरीत पण लिहायचा कारण उच्चार येत नाही म्हणून ही मुलं वर्गात प्रश्न विचारत नाहीत. बालभारतीची नववी-दहावीची मराठी पुस्तकं आणि अकरावीची इंग्रजी पुस्तकं दोन्ही त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट आहेत, शेजारी शेजारी उघडून बसा. आठवड्याला वीस शब्द, बास. आणि गंमत अशी की डावी बाजू तो तुम्हाला शिकवेल. याचा फायदा तुमच्या कल्पनेपेक्षा जास्त होतो, दोन तास नुसतं ऐकणाऱ्या मुलाला एकदम बोलायला काहीतरी मिळतं.

इंटिग्रेशन गंजलं असेल तर गंजू दे. तुम्हाला येत नाही असं गणित त्याच्यासमोर बसून सोडवायचा प्रयत्न करा, अडका, मागे जा, खोडा. फळ्यावर न अडकता सोडवणारी माणसं त्यांनी भरपूर पाहिलीत.

एक अजून सांगते, अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष हे डोक्यातून काढायला लावा. एमएचटी-सीईटीला, म्हणजे इंजिनियरिंगच्या राज्याच्या प्रवेश परीक्षेला, २० टक्के प्रश्न अकरावीचे आणि ८० टक्के बारावीचे असतात. पीसीएमला (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) १५० प्रश्न, २०० मार्क, गणिताच्या प्रश्नाला दोन मार्क. फिजिक्स-केमिस्ट्रीची पहिली ९० मिनिटं संपली की तो भाग बंद, मग गणिताची ९० मिनिटं. आणि निगेटिव्ह मार्किंग नाही! माझ्या शेजारच्या मुलीने १९ प्रश्न मोकळे सोडले होते कारण लहानपणापासून ऐकलेलं, येत नसेल तर ठोकून द्यायचं नाही. हुशार, प्रामाणिक मुलगी. मी कपाळावर हात मारला. नीट-जेईईला चुकलं की मार्क जातात, तिथलं ऐकून ही मुलं इथे पण घाबरतात, दोन्हीतला फरक कोणी सांगितलेलाच नसतो.

खडूस_काका

बोलतो स्पष्ट, राग मानू नका. आमच्या चेंबूरच्या वस्तीत गेल्या दहा वर्षांत असे डझनभर दादा-ताई आले. कंपनीचे टीशर्ट घालून यायचे, पोरांसोबत फोटो, खाऊ, "यू कॅन डू इट", आणि दिवाळीनंतर गायब. कॉलेजच्या एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजना) मुलं येतात, त्यांना वर्षाला १२० तास भरायचे असतात, तास भरले की वहीवर सही आणि राम राम. मग पोरं विचारतात ती ताई कधी येणार, काय सांगायचं?

पोरांना सवय होते की आपल्याकडे येणारा माणूस जाणारच. त्यापेक्षा येऊच नये. तुम्हाला एवढीच तळमळ असेल तर दोन पोरांची क्लासची फी भरा, मोकळे व्हा. क्लासवाला निदान रोज उघडतो.

स्लोलोकल

काका, लागलं पण खरंय. मी स्वतः तीन आठवड्यांत कंटाळायच्या बेतात होतो हे कबूल. फीचा विचार मी पण केला होता, एका मुलाच्या इंटिग्रेटेडवाल्या (कॉलेज आणि क्लास एकत्र) क्लासची फी विचारली आणि गप्प घरी आलो.

वरळी_अठरा

खडूस काकांना उत्तर द्यायचंय आणि मूळ प्रश्नाला पण, त्यामुळे लांबेल.

मी त्या दुसऱ्या बाजूचा आहे. बीडीडी चाळीत वाढलो, १६० स्क्वेअर फुटात आम्ही सहा जण. वरळीची अभ्यास गल्ली माहीत असेल बऱ्याच जणांना, रस्त्याच्या दिव्याखाली पोरं पुस्तकं घेऊन बसतात ती, मी दहावी-बारावी तिथे काढली. तिथेच एक ताई यायच्या दर गुरुवारी रात्री साडेआठला, बँकेत होत्या, ऑफिसमधून सरळ यायच्या, डब्याची पिशवी हातात. सुरुवातीला आम्ही दहा जण होतो मग तीन उरलो. त्यांनी मला एकही विषय शिकवला नाही. खोटं नाही सांगत, अडीच वर्षांत एक गणित सोडवून दिलं नाही.

काय केलं ते सांगतो. दहावीचा निकाल लागला, ८३ टक्के, घरात पेढे. मी अकरावीचा ऑनलाइन फॉर्म सायबरवाल्याकडे बसून भरला. त्याने मोठ्या कॉलेजचं नाव पहिल्या नंबरला टाकलं, मी खूश. गुरुवारी ताईंना प्रिंट दाखवली. त्यांनी चष्मा वर केला आणि कोडवर बोट ठेवून विचारलं, "हे अनुदानित आहे का बघितलंस?" मला तो शब्दच माहीत नव्हता. एकाच कॉलेजात एकाच शाखेच्या अनुदानित, विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित अशा वेगवेगळ्या तुकड्या असतात, कोड वेगळे, फी वेगळी, आणि ती फी काही शेकड्यांवरून एकदम हजारोंमध्ये जाते. सायबरवाल्याने फी जास्त असलेला कोड टाकला होता. आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे ॲडमिशन घ्यावीच लागते, नाही घेतली तर पुढच्या नियमित फेऱ्यांमधून बाहेर. म्हणजे लागलं असतं तर पप्पांनी कर्ज काढलं असतं नाहीतर मी घरी बसलो असतो. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती. रात्री दहा वाजता त्याच सायबरमध्ये शटर अर्धं खाली करून आम्ही फॉर्म अनलॉक करून परत भरला, ताईंची शेवटची बस गेली त्या दिवशी, टॅक्सीने गेल्या.

तेव्हा हे मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणीच ऑनलाइन होतं, आता २०२५ पासून अख्ख्या राज्यात झालंय, दहापर्यंत पसंती टाकता येतात. पण पोरं अजून तशीच सायबरवाल्याच्या भरवशावर आहेत. आणि इनहाऊस म्हणजे त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांना १० टक्के, मॅनेजमेंट ५ टक्के, अल्पसंख्याक कॉलेजात त्या समाजाला ५० टक्के, हे काय असतं ते आमच्यासारख्या घरात कोणालाच माहीत नसतं, आईबाप सही करतात फक्त.

तर काका, तुम्ही म्हणता येऊच नये. माझ्या ताई आल्या नसत्या तर मी आज ठाण्याला सिव्हिलच्या साइटवर उभा नसतो. पण तुमचं एक बरोबर आहे, त्या दर गुरुवारी आल्या. पाऊस असला तर फोन करायच्या, "आज लोकल बंद आहेत, पुढच्या गुरुवारी." आम्ही त्या फोनची वाट बघायचो, ताई येणारेत की नाही हे आम्हाला कधी अंदाजाने ठरवावं लागलं नाही.

स्लोलोकल भाऊ, इंटिग्रेशन सोडा. पोरांचे फॉर्म बघा.

बटाटावडा०७

मी बारावीत आहे, कुर्ल्याला. दादा एक विचारू का, तुमच्या चाळीस स्लाइडमध्ये डिप्लोमा होता का? आमच्याकडे पण एक सर आलेले, त्यांनी पण आयआयटीपासून सुरू केलं. माझ्या मित्राला दहावीनंतर पॉलिटेक्निक करायचं होतं, तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग थेट इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, पण त्याला वाटलं की ते नापास मुलांचं असतं, म्हणून विचारलंच नाही. आता तो माझ्यासोबत सायन्सला बसून रडतोय. आणि प्लीज मोटिव्हेशन देऊ नका, ते रीलमध्ये भरपूर मिळतं.

स्लोलोकल

नव्हता. डिप्लोमाची एक पण स्लाइड नव्हती. परदेशी शिक्षणाच्या सहा होत्या 🙏

चहाबिस्कीट

मी एका छोट्या संस्थेत स्वयंसेवकांचं काम बघते, म्हणजे कोण कुठल्या वस्तीत कधी जाणार, कोण आलं नाही, कोणाची खोलीची चावी हरवली वगैरे. नाव लिहीत नाही, जाहिरात वाटेल.

आधी एक कोरडी गोष्ट जी कोणी सांगत नाही. तुमची मुलं सोळा-सतरा वर्षांची आहेत म्हणजे कायद्याने बालकच, लैंगिक अत्याचारांपासून मुलांच्या संरक्षणाचा २०१२ चा पॉक्सो कायदा अठराच्या खालच्या सगळ्यांना लागू आहे. घाबरवत नाहीये, पण स्वतःसाठी आणि मुलांसाठी काही सवयी लावून घ्या. खोलीचं दार उघडं. एकट्या मुला-मुलीला घरी किंवा गाडीत बसवून न्यायचं नाही. रात्री साडेअकराला पर्सनल मेसेज नाही, जो काही ग्रुप कराल त्यात एक पालक किंवा मंडळाची एक बाई हवी. आमच्याकडे येणाऱ्याचं पोलीस व्हेरिफिकेशन करतो, मंडळात कोणी मागणार नाही पण तुम्ही स्वतःहून करून त्यांच्याकडे कॉपी दिलीत तर मुलींच्या आया निश्चिंत होतात. मुली कमी येतात ना तुमच्याकडे? बावीसात किती होत्या ते लिहिलं नाहीत. वेळ संध्याकाळी चार-पाचची ठेवून बघा, रात्रीची नको.

दुसरं, पैसे उसने देऊ नका. फॉर्मची फी भरायची असेल तर मंडळातून पावती घेऊन. एकदा पैसे आले की पोरगं लाजेने यायचं बंद होतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय.

तिसरं म्हणजे कागद. वरळी_अठरा यांनी फॉर्मचं लिहिलंच आहे, मी म्हणेन त्याच्याही आधी कागद. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर नाहीतर ईडब्ल्यूएस (खुल्या गटातले आर्थिक दुर्बल), आणि बारावी सायन्सनंतर इंजिनियरिंग-मेडिकलला राखीव जागेवर जायचं तर जात वैधता प्रमाणपत्र म्हणजे व्हॅलिडिटी. निकाल लागल्यावर दाखल्यांच्या सेतू केंद्रात जी रांग लागते त्यात उभं राहून बघा एकदा. व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करायचा असतो आणि त्याला पुरावा जुना लागतो, ओबीसी असेल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१. आता मुंबईत जन्मलेल्या सतरा वर्षांच्या पोरीकडे १९६७ च्या आधीचा कागद कुठून असणार? तो असतो गावाला, आजोबांच्या शाळेत. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर अजून वेगळी शोधाशोध.

मुलींच्या आईवडिलांना हे पण नक्की सांगा की २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची कॉलेजची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं आणि ॲडमिशन कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) झालेली हवी, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर नाही. "मुलीला इंजिनियरिंग परवडत नाही" म्हणून बीकॉमला घातलेल्या तीन मुली माझ्या माहितीत आहेत ज्यांना हे लागू होतं. बीकॉम वाईट नाही हो, पण त्यांना नको होतं.

आणि एक कळकळीची विनंती, सगळ्यांसमोर जात विचारू नका. आमच्या एका स्वयंसेवकाने अगदी चांगल्या मनाने विचारलं, "कोण कोण ओपन, हात वर करा." खोलीत असं काही शांत झालं की मी अजून विसरलेले नाही. कोरा कागद द्या, घरून लिहून आणा म्हणा.

खडूस_काका

चहाबिस्कीट बाईंचं पटलं. पण एवढं सगळं एक नोकरीवाला माणूस शनिवारी दोन तासांत करणार? भांडुप ते ऐरोली रोज करून? मला शंका आहे.

गणितबाई

बावीस जणांचं नाही होणार. पाच जणांचं होईल. मी निवृत्त झाल्यावर उत्साहात तीस मुलं घेतली होती, दोन महिन्यांत मीच आजारी पडले. आता चार. त्यातला एक दिवसा कुरियरचं काम करतो आणि रात्रशाळेतून बारावी करतोय, त्याच्यासाठी रविवारी सकाळी साडेसात, कारण त्याला तेवढीच वेळ मोकळी. मासूमसारख्या संस्था मुंबईत रात्रशाळांसाठीच काम करतात, ज्यांना एकट्याने जमत नाही त्यांनी अशा ठिकाणी विचारावं, चाकाचा शोध नव्याने लावायची गरज नाही.

काका, आणि तुम्ही चेंबूरलाच आहात ना? तुमचं अक्षर कसं आहे?

खडूस_काका

अक्षराचा काय संबंध

गणितबाई

फॉर्म तपासायला माणूस लागतो. नाव दहावीच्या मार्कशीटवर जसं आहे तसंच दाखल्यावर आहे का, आईचं नाव, जन्मतारीख. तुमच्यासारखा खवट माणूस एक चूक सुटू देणार नाही.

खडूस_काका

बघू.

स्लोलोकल

सात आठवड्यांनी परत येतोय, मध्ये ऑफिसचं रिलीज होतं आणि मुलीला ताप, पण शनिवार एकच चुकला आणि फोन केला होता (वरळी_अठरा, तुमचं वाचल्यावर).

प्रेझेंटेशन उडवलं. आता शनिवारी साडेचार ते साडेसहा, पाच जण, त्यात तीन मुली. मुली बावीसात दोनच होत्या, वेळ बदलल्यावर वाढल्या, चहाबिस्कीट यांचा अंदाज बरोबर निघाला. पोलीस व्हेरिफिकेशन टाकलंय. दारात एकीची आजी पाटावर बसून वाटाणे सोलते पूर्णवेळ, तीच आमची देखरेख, आणि मधेमधे तिलाही दहावीचे धडे ऐकायचे असतात.

तो त्वरणवाला आता वही घेऊन येतो. डाव्या बाजूला १४० शब्द झालेत. परवा मी "कॉन्स्टंट व्हेलॉसिटी" म्हटलं तर तो म्हणाला दादा एकसमान वेग, आणि मग बाकीच्यांना समजावून सांगायला लागला, मी बाजूला बसलो. युनिट टेस्टला फिजिक्समध्ये २५ पैकी ११, म्हणजे काही दिवे लागले नाहीत, पण वर्गात पहिल्यांदा हात वर केला म्हणाला. सरांनी उत्तर नीट दिलं नाही ती गोष्ट वेगळी.

डिप्लोमाबद्दल दहावीच्या मुलांना एक दिवस बोलावून सांगितलं, स्लाइड न लावता. बटाटावडा, थँक्स रे. तुझ्या मित्राला म्हणावं बारावी होऊ दे, बारावी सायन्सनंतर पण डिप्लोमाला ॲडमिशन असते, रस्ता बंद झालेला नाही.

आता खरी अडचण. पाचातली एक मुलगी बारावी सायन्सला आहे, ओबीसी, इंजिनियरिंगला जायचंय. जातीचा दाखला आहे, व्हॅलिडिटी नाही. वडील रिक्षा चालवतात, ते म्हणतात आजोबा चिपळूणकडच्या एका गावात, आता झेडपीच्या असलेल्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, वर्ष अंदाजे १९५० च्या आसपास, कागद घरी काहीच नाही, आजोबा गेले. वडिलांच्या शाळेचा दाखला आहे पण तो १९८० च्या पुढचा. तारखेचा नियम वाचल्यापासून मला झोप नाही. शाळेतून एवढा जुना दाखला मिळतो का? काय मागायचं नक्की? मी पत्र वगैरे देऊ का, माझा काय अधिकार?

चहाबिस्कीट

तुमचं पत्र नको, वडिलांचा साधा अर्ज मुख्याध्यापकांच्या नावाने. त्यात आजोबांचं पूर्ण नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, गावाचं नाव आणि अंदाजे कुठल्या वर्षांत शाळेत होते ते. सोबत वडिलांचं आधार आणि वडिलांचा शाळेचा दाखला, म्हणजे नातं दिसतं. मागायचं काय तर आजोबांच्या नोंदीचा जनरल रजिस्टर नंबर एकचा उतारा, बरेच जण निर्गम उतारा म्हणतात. नुसतं "दाखला द्या" म्हणालात तर शिपाई सांगेल नाही मिळत. रजिस्टरची पानं फाटलेली, वाळवी लागलेली असतात, वर्षाने शोधण्यापेक्षा नावाने शोधायला वेळ लागतो म्हणून दोन-तीन वर्षांचा अंदाज घरात विचारून न्या. आजोबांसोबत शाळेत असलेलं गावात कोणी हयात असेल तर त्यांची नोंद कुठल्या वर्षी आहे ते बघा, आजोबा त्याच पानांवर सापडतात.

चुलत घरातल्या कोणाची व्हॅलिडिटी आधी झाली असेल तर ते आधी विचारा! वडिलांच्या बाजूच्या रक्तातल्या नातेवाइकाची असली तर खूप सोपं जातं. लोक भावकीत बोलत नाहीत म्हणून हे राहून जातं.

गणितबाई

नोंद फार जुनी निघाली आणि मोडी लिपीत असली तर घाबरू नका, मोडी वाचून देणारे जाणकार असतात, लिप्यंतर करून मिळतं. १९५० ची बहुधा बाळबोधच असेल.

स्लोलोकल

भावकीत विचारलं. वडिलांचं आणि त्यांच्या चुलतभावाचं बारा वर्षं बोलणं नाही, जमिनीवरून. चुलतभावाच्या मुलाची व्हॅलिडिटी झालेली आहे असं त्या आजीनेच सांगितलं, वाटाणे सोलता सोलता, जसं काही आज काय भाजी ते सांगावं. वडील म्हणतात मी फोन करणार नाही. आजी म्हणते मी करते.

खडूस_काका

आजीला सांगा फोन दुपारी कर, जेवण झाल्यावर. आणि ती प्रत मिळाली की इथे मेसेज टाक, आडनावाचं स्पेलिंग आणि आजोबांचं नाव दोन्हीकडे सारखं आहे का मी बघतो. नाहीतर शनिवारीच येतो, भांडुपला कुठल्या बाजूला उतरायचं, पूर्व की पश्चिम?

स्लोलोकल

पश्चिम. साडेचारला सुरू होतं, पण चावी पानवाल्याकडे असते, लवकर आलात तर घ्या.